चिकलठाणा, २६ एप्रिल १९९३: उन्हाचा हिशेब आणि बीड रस्त्यावरचा ट्रक

'खराब हवामानामुळे विमान कोसळलं' असं वाचलं की आपल्या डोळ्यांसमोर काळे ढग, विजा, धुकं नाहीतर मुसळधार पाऊस येतो. मराठवाड्याने पाहिलेला सर्वांत मोठा विमान अपघात मात्र एप्रिल अखेरच्या उन्हात, भर दुपारी झाला. म्हणूनच तो नीट समजून घ्यायला हवा. वादळ सगळ्यांना दिसतं आणि त्याला सगळेच घाबरतात. आपल्याकडच्या वैशाखातल्या दुपारीला मात्र कुणी खराब हवामान म्हणत नाही. विमानासाठी तीही अडचणीचीच असते.

आधी घटना. इंडियन एअरलाइन्सचं उड्डाण क्रमांक ४९१ दिल्लीहून जयपूर, उदयपूर करत औरंगाबादला (आजच्या छत्रपती संभाजीनगरला) आलं होतं आणि इथून मुंबईला जाणार होतं. विमान बोइंग ७३७-२०० जातीचं, नोंदणी व्हीटी-ईसीक्यू. आत ११२ प्रवासी आणि ६ कर्मचारी. दुपारी एकच्या सुमारास ते शहराच्या चिकलठाणा विमानतळाच्या धावपट्टी ०९ वरून, म्हणजे पूर्वेकडे तोंड करून, सुटलं. धावपट्टी संपली तरी ते पुरेसं वर गेलेलं नव्हतं. धावपट्टीच्या टोकापासून सुमारे ४१० फुटांवर उत्तर-दक्षिण जाणारा बीड रस्ता होता आणि त्यावरून कापसाच्या गाठी भरलेला एक ट्रक चालला होता. विमानाचं डावं मुख्य लँडिंग गिअर (चाकांचा संच), डाव्या इंजिनाचं खालचं आवरण आणि थ्रस्ट रिव्हर्सर (उतरल्यावर वेग कमी करायला इंजिनाचा जोर उलटवणारा भाग) त्या ट्रकच्या डाव्या बाजूवर, रस्त्यापासून साधारण सात फूट उंचीवर, आदळले. त्या अवस्थेत विमान तसंच पुढे रेटत गेलं, ईशान्येला तीनेक किलोमीटरवर उच्चदाबाच्या विजेच्या तारांना धडकलं आणि शेतशिवारात कोसळलं. ५५ जण गेले, ६३ वाचले.

औरंगाबादकरांच्या बोलण्यात हा अपघात दोन वाक्यांत उरला आहे. एक, 'विमान कापसाच्या ट्रकला धडकलं'. दुसरं, 'उन्हामुळे विमान उचललंच नाही'. दोन्हींत तथ्य आहे, आणि दोन्ही अर्धीच आहेत. त्यातच पाच महिन्यांनी, ३० सप्टेंबरच्या पहाटे, किल्लारीचा भूकंप झाला. हजारो माणसं गाडली गेली. १९९३ म्हटलं की मराठवाड्याला किल्लारीच आठवते, त्यात गैर काही नाही. पण त्या मोठ्या दुःखाखाली चिकलठाण्याचं प्रकरण दबलं आणि त्याचा बारकाईने विचार करायचा राहून गेला, असं मला वाटतं.

ऊन विमानाचं काय करतं

विमान हवेवर तोललेलं असतं. पंखावरून किती हवा, किती वेगाने वाहते यावर त्याची उचल ठरते. हवा तापली की प्रसरण पावते, म्हणजे तेवढ्याच जागेत तिचे कण कमी होतात. शाळेत शिकलेला हा नियम चिकलठाण्याला लावून बघू.

विमानतळाची समुद्रसपाटीपासूनची उंची सुमारे १,९०० फूट. विमानशास्त्राने हिशेबासाठी जी प्रमाण हवा धरली आहे तिच्यात या उंचीवरचं तापमान ११ अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. आपल्याकडे एप्रिल अखेरीस दुपारी पारा चाळिशीला टेकतो. त्या दिवशीचा नेमका आकडा बाजूला ठेवू आणि उदाहरणादाखल ४० अंश धरू. प्रमाणापेक्षा जवळजवळ २९ अंशांनी जास्त. मग हवेची घनता समुद्रसपाटीवरच्या प्रमाण घनतेच्या तुलनेत सुमारे १४ टक्क्यांनी घटते. दुसऱ्या शब्दांत सांगायचं तर विमानाच्या दृष्टीने ती धावपट्टी १,९०० फुटांवर उरत नाही, पाच हजार फुटांच्या वर जाते. महाबळेश्वर साधारण साडेचार हजार फुटांवर आहे आणि कळसूबाईचं शिखर ५,४०० फुटांवर. म्हणजे एप्रिलच्या दुपारी चिकलठाण्याहून उडणारं विमान महाबळेश्वरच्याही वरच्या, कळसूबाईच्या माथ्याला टेकलेल्या हवेतून उडत असतं. जमीन मात्र दिसायला तीच, सपाट, ओळखीची.

याचा परिणाम तीन ठिकाणी होतो. विरळ हवेत तेवढीच उचल मिळवायला विमानाला प्रत्यक्षात अधिक वेगाने धावावं लागतं. वर धरलेल्या आकड्यांत हा वाढीव वेग आठ टक्क्यांच्या आसपास येतो. आठ टक्के ऐकायला किरकोळ वाटतात, पण धावण्याचं अंतर वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतं, म्हणजे सोळा टक्क्यांनी. त्यात जेट इंजिनाला पुरेशी हवा मिळत नाही, त्याचा जोरही कमी होतो, म्हणून वेग पकडायला आणखी अंतर लागतं. शेवटी, जमीन सोडल्यावर वर चढण्याचा वेगही मंदावतो. धावपट्टी मात्र हिवाळ्यात जेवढी लांब तेवढीच उन्हाळ्यात.

मुद्द्याची गोष्ट अशी की यातलं काहीच गूढ नाही. वैमानिकांना प्रत्येक विमानतळासाठी तक्ते दिलेले असतात. अमुक तापमान, अमुक वारा, अमुक धावपट्टी असेल तर जास्तीत जास्त इतकं वजन घेऊन उडता येईल, आणि त्या वजनाला अमुक वेगावर नाक उचलायचं. तापमान वाढलं की तक्त्यातलं परवानगीचं वजन उतरतं. जास्त होत असेल तर सामान उतरवायचं, इंधन कमी घ्यायचं, प्रवासी कमी करायचे, नाहीतर ऊन कलण्याची वाट पाहायची. मुंबई इथून हवाई मार्गाने तीनशे किलोमीटरच्या आत आहे. वादळ कधी येईल हे सांगता येत नाही. एप्रिलच्या दुपारी एक वाजता चिकलठाण्यात ऊन असणार हे सांगायला वेधशाळा लागत नाही.

आणि हे तक्ते अगदी काटकसरीने बनवलेले नसतात. प्रवासी जेट विमानांच्या प्रमाणीकरणाचा नियम असा की कोरड्या धावपट्टीवर, ऐन वेगात एक इंजिन बंद पडलं तरी, उड्डाणासाठी उपलब्ध असलेलं अंतर संपेपर्यंत विमान ३५ फूट उंचीवर पोहोचलं पाहिजे. दोन्ही इंजिनं चालू असतील तर हिशेबात वर आणखी १५ टक्के अंतर राखीव धरतात. आता बीड रस्त्यावरचा तो आकडा परत पाहा: सात फूट. धावपट्टी संपून चारशे फूट गेल्यावर, सात फूट. चौकशीने जी कारणं सांगितली त्यांत इंजिन बंद पडल्याचं कारण नाही. म्हणजे जो हिशेब उन्हाला आधीच धरून केलेला असतो, त्याच्या कितीतरी खाली हे विमान होतं. ती तफावत एकट्या उन्हाने पडलेली नाही.

एक-दोन सेकंद

चौकशीने संभाव्य कारणं दोन दिली. पहिलं, वैमानिकांनी नाक उचलायला उशिरा सुरुवात केली आणि नाक उचलण्याची पद्धतही चुकीची वापरली. दुसरं, उड्डाणांच्या वेळी बीड रस्त्यावरच्या वाहनांचं नियमन करण्यात राष्ट्रीय विमानतळ प्राधिकरण अपयशी ठरलं. ऊन यांत कुठेच स्वतंत्र कारण म्हणून नाही.

पहिल्या कारणाकडे नीट पाहू, कारण 'वैमानिकाची चूक' हा शब्दप्रयोग आपण फार सैल वापरतो. ठरलेला वेग आला की वैमानिक दांडा मागे ओढतो आणि विमानाचं नाक ठरावीक गतीने, सेकंदाला दोन-तीन अंश, वर येतं. नाक पंधरा अंशांच्या जवळ जाईतो चाकं जमीन सोडतात. यालाच रोटेशन म्हणतात. ते उशिरा सुरू झालं तर विमान अजून जमिनीवरच धावतंय. ते हळू झालं तर नाक उचललेलं आहे, पण पंखाला पुरेसा कोन मिळालेला नाही, आणि धावपट्टी मागे पडत चालली आहे. दोन्ही एकत्र झालं तर?

आकड्यांत मांडू. समजा नाक उचलण्याचा दर्शक वेग, म्हणजे कॉकपिटमधल्या मापकावर दिसणारा वेग, १४० नॉट (ताशी सुमारे २६० किलोमीटर) आहे. विरळ हवेमुळे जमिनीवरचा खरा वेग ताशी २८० किलोमीटरच्या आसपास जातो, म्हणजे सेकंदाला ७७-७८ मीटर. धावपट्टीच्या टोकापासून रस्ता ४१० फुटांवर, म्हणजे १२५ मीटरवर. टोकापासून रस्त्यापर्यंत जायला या विमानाला दीड सेकंदाहून किंचित जास्त वेळ लागतो. नाक दोन सेकंद उशिरा उचललं तर दीडशे मीटर गेले, म्हणजे टोकापासून रस्त्यापर्यंतचं सगळं अंतर आणि वर थोडं.

इथे ऊन पुन्हा आत येतं, आणि माझ्या मते या प्रकरणाचा गाभा इथेच आहे. डिसेंबरच्या सकाळी हाच उशीर, हीच मंद उचल झाली असती तर धावपट्टीचा शिलकीतला भाग ती चूक पोटात घालून गेला असता. हवा दाट, इंजिनात जोर, चढण चांगली. विमान थोडं पुढे जाऊन उचललं असतं आणि कुणाच्या लक्षातही आलं नसतं. उन्हाने चूक केली नाही. चुकीसाठी ठेवलेली जागा मात्र त्याने खाल्ली. म्हणून 'ऊन की वैमानिक' हा वाद मला निरर्थक वाटतो. जितकी हवा विरळ, तितकं हातातलं काम अधिक नेमकं व्हायला हवं, आणि विमान कंपनीच्या प्रशिक्षणाने नेमकी हीच गोष्ट वैमानिकाच्या अंगी मुरवायची असते.

आज विमान कंपन्या प्रत्येक उड्डाणाच्या यंत्रनोंदी तपासतात. नाक किती वेगावर उचललं, किती गतीने उचललं, धावपट्टीचा किती भाग शिल्लक होता, हे संगणक मोजतो आणि ठरलेल्या मर्यादेबाहेर काही गेलं की संबंधित वैमानिकाशी बोलणं होतं. अपघात झाल्यावर ब्लॅक बॉक्स उघडण्यापेक्षा, अपघात न झालेल्या उड्डाणांच्या नोंदी वाचणं कितीतरी मोलाचं. रोटेशनची ढिलाई ही तर अशा नोंदींत स्वच्छ दिसणारी गोष्ट.

रस्ता

आता ट्रककडे. एप्रिल म्हणजे कापसाच्या हंगामाची अखेर. त्या काळी राज्यात एकाधिकार कापूस खरेदी योजना होती. मराठवाड्यातला कापूस खरेदी केंद्रांवर यायचा, जिनिंगमध्ये सरकी निघायची, रुई दाबून गाठी बांधल्या जायच्या आणि ट्रकांनी बाहेर जायच्या. गाठ म्हणजे काही मऊ कापूस नव्हे. एक गाठ साधारण १७० किलोची, दाबून घट्ट केलेली. अशा गाठींनी भरलेल्या ट्रकला घासून जाणं म्हणजे भिंतीला घासून जाणं. आपल्या रस्त्यांवर त्या दिवसांत असा ट्रक दिसणं हे अजिबात नवल नव्हतं, आणि ट्रकचालकाने काही वावगं केलं नव्हतं. तो सार्वजनिक रस्त्यावरून आपलं काम करत होता.

तरी 'नेमका त्याच वेळी ट्रक आला' हे वाक्य तीस वर्षं ऐकू येतं. मला ते पटत नाही. बोइंग ७३७-२०० च्या पंखांचा पसारा २८ मीटरचा. ताशी चाळीसने जाणाऱ्या ट्रकला तेवढा पट्टा ओलांडायला तीन-चार सेकंद लागतात. हमरस्त्यावर एकामागोमाग ट्रक, एसटी, जीप चालू असताना तो पट्टा रिकामा असणं हाच योगायोग म्हणायला हवा. एसटी असती तर? त्या शक्यतेकडे पाहिलं की चौकशीने दुसऱ्या कारणाला पहिल्याच्या बरोबरीने जागा का दिली ते कळतं.

धावपट्टीच्या टोकाशी रस्ता असणं ही जगात एकट्या औरंगाबादची अडचण नव्हती. जिब्राल्टरला तर मुख्य रस्ता थेट धावपट्टीच ओलांडायचा. विमान यायच्या-जायच्या वेळी दोन्ही बाजूंची फाटकं पडायची, गाड्या थांबायच्या. २०२३ मध्ये तिथे भुयारी रस्ता झाला, तोवर अनेक दशकं हीच पद्धत चालली. आपल्या शहराला तर फाटकाची सवय आहेच. शिवाजीनगरच्या रेल्वे फाटकावर किती वेळा खोळंबलो याच्या तक्रारी शहराने वर्षानुवर्षं केल्या. आगगाडीसाठी माणसं थांबतात. दिवसातून मोजकीच विमानं उडणाऱ्या विमानतळाच्या टोकाशी दोन माणसं, एक दांडा आणि नियंत्रण कक्षाशी जोडलेला एक फोन एवढं पुरलं असतं.

ते का झालं नाही, याचं एक उत्तर कारभाराच्या रचनेत सापडतं. धावपट्टी केंद्राच्या अखत्यारीतल्या प्राधिकरणाची, रस्ता तो बांधणाऱ्या खात्याचा, त्यावरची वाहतूक पोलिसांची. धोका मात्र या तिघांच्या हद्दी जिथे भिडतात तिथे, त्या ४१० फुटांच्या पट्टीत. अशा जागी प्रत्येकाला वाटतं की हे दुसऱ्याचं काम आहे. चौकशीने हे संदिग्ध ठेवलं नाही. विमान ज्यांच्या धावपट्टीवरून उडतं त्यांनीच रस्त्याची काळजी घ्यायची होती, असं सरळ नाव घेतलं. मला हा निष्कर्ष महत्त्वाचा वाटतो, कारण मोठ्या अपघातांनंतर सगळं खापर कॉकपिटमधल्या दोघांवर फोडून मोकळं होण्याची सवय व्यवस्थेला सगळीकडेच असते.

राष्ट्रीय विमानतळ प्राधिकरण १९९५ मध्ये आंतरराष्ट्रीय विमानतळ प्राधिकरणात विलीन होऊन आजचं भारतीय विमानतळ प्राधिकरण झालं. चिकलठाण्याची धावपट्टी पुढे वाढवली गेली, २००९ मध्ये नवी टर्मिनल इमारत आली.

खरंखुरं वादळ आणि आपलं ऊन

तुलनेसाठी हवामानामुळे झालेले काही अपघात पाहू. ३१ मे १९७३ रोजी मद्रासहून दिल्लीला येणारं इंडियन एअरलाइन्सचं बोइंग ७३७ पालमजवळ कोसळलं. धुळीचं वादळ आणि पाऊस, दृश्यमानता कमी. विमान ठरलेल्या किमान उंचीच्या खाली आलं आणि उच्चदाबाच्या तारांना धडकलं. ६५ पैकी ४८ जण गेले, त्यांत केंद्रीय मंत्री मोहन कुमारमंगलम होते. २२ जून १९८२ ला मुंबईत भर पावसात एअर इंडियाचं बोइंग ७०७ उतरताना आदळलं, १७ जणांचा मृत्यू झाला. ७ ऑगस्ट २०२० ला कोळीकोडला पावसात एअर इंडिया एक्स्प्रेसचं विमान धावपट्टी ओलांडून खाली घसरलं, २१ जण गेले.

तिन्हींत आकाश बिघडलेलं होतं हे बाहेरच्या माणसालाही सांगता आलं असतं. आणि तरी पालम व कोळीकोडच्या तपासात बोट शेवटी पाळायच्या मर्यादा न पाळण्याकडेच गेलं. वादळ पुढ्यात दिसत असतानाही माणूस मर्यादा ओलांडतो, तर जे हवामान दिसतच नाही त्याचं काय?

याला अपवाद आहेत आणि ते मान्य करायला हवेत. २ ऑगस्ट १९८५ रोजी अमेरिकेत डॅलसला उतरणाऱ्या डेल्टा कंपनीच्या विमानावर ढगातून हवेचा लोट एकाएकी खाली कोसळला आणि विमान जमिनीवर आपटलं. तशा लोटाला पकडणारी यंत्रणा तेव्हा विमानात नव्हती. नंतर अमेरिकेने प्रवासी विमानांत ती सक्तीची केली. तिथे उपकरणच अपुरं होतं. चिकलठाण्याला लागणारं उपकरण एक थर्मामीटर होतं, आणि ते प्रत्येक विमानतळावर असतं.

जून २०१७ मध्ये अमेरिकेतल्या फिनिक्स शहरात पारा ४८ अंशांच्या आसपास गेला तेव्हा लहान प्रवासी जेटची डझनावारी उड्डाणं रद्द झाली, कारण त्या विमानांच्या तक्त्यांत तेवढ्या तापमानाला आकडाच नव्हता. आकाश निरभ्र होतं. प्रवासी चिडले असतील, पण ऊन हे उड्डाण थांबवण्याचं पुरेसं कारण आहे हे तिथे कुणाला समजावून सांगावं लागलं नाही.

आपल्याकडेही विमानतळ आता एकटा चिकलठाण्याचा राहिलेला नाही. नांदेडला, लातूरला धावपट्ट्या आहेत, उन्हाळा तर सगळीकडेच आहे. दुपारचं विमान उन्हामुळे तासभर उशिरा सोडलं, चार जणांना खाली ठेवलं किंवा बॅगा मागच्या विमानाने पाठवल्या, की काउंटरवर आपला आवाज चढतो. त्या वेळी काउंटरवरच्या पोरासमोर जो कागद असतो, त्यावर धावपट्टीची लांबी, पाऱ्याचा आकडा आणि विमानाचं वजन एवढंच लिहिलेलं असतं. २६ एप्रिल १९९३ च्या दुपारीही ते तीन आकडे हाताशी होते, आणि रस्ता कुठे आहे हेही सगळ्यांना ठाऊक होतं.